पांगुळगाडा

पांगुळगाडा हे चालायला शिकणाऱ्या बालकाने उभे राहून, दांडा धरून पुढे ढकलायचे तीनचाकी लाकडी साधन आहे. महाराष्ट्रात ते पिढ्यान्‌पिढ्या वापरात असून पाळणा, पाट, घोडा आणि भोवरा यांच्याप्रमाणे सुतारकामातून घरात येणाऱ्या वस्तूंत त्याची गणना होते. मागे दोन व पुढे एक चाक, चाकांवर त्रिकोणी बैठक आणि बैठकीवर उभी केलेली धरायची चौकट, एवढीच त्याची मूळ रचना आहे. बाळाला बसवून मोठ्या माणसाने ढकलायची ती बाबागाडी; बाळाने स्वतः उभे राहून ढकलायचा तो पांगुळगाडा. बाळाला मधल्या झोळीत अडकवणारे चाकांचे वर्तुळाकार साधन मराठीत ‘वॉकर’ या नावाने ओळखले जाते. ते पांगुळगाड्याहून वेगळे आहे. या दोहोंची गल्लत नेहमी होते आणि बाळाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ती महागात पडू शकते.

नाव व व्युत्पत्ती

‘पंगु’ व ‘पंगुल’ या संस्कृत शब्दांचा अर्थ पायांनी अधू असलेला असा आहे. त्यांपासून मराठीत ‘पांगळा’ व ‘पांगुळ’ हे शब्द आले. पांगुळासाठी गाडा तो पांगुळगाडा, असा या चतुर्थी तत्पुरुष समासाचा विग्रह होतो. येथे ‘पांगुळ’ म्हणजे व्यंग असलेली व्यक्ती नव्हे, तर ज्याच्या पायांत अजून बळ आलेले नाही असे मूल होय. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात पांगुळगाडा हा शब्द मुलाच्या चालण्याच्या गाडीसाठी नोंदलेला आहे. या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली प्रसिद्ध झाली.

मराठी संतवाङ्मयात ‘पांगुळ’ हे आध्यात्मिक रूपक म्हणूनही येते. संत एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका यांच्या जोडीने पांगळाही आहे. परमार्थाच्या वाटेवर ज्याला आपल्या पायांनी चालता येत नाही, असा जीव त्यातून सूचित होतो. बाळाच्या गाड्याचे नाव मात्र घरगुती व्यवहारातून आलेले आहे.

रचना

पारंपरिक पांगुळगाड्याचे चार भाग असतात.

बैठक: मागे रुंद आणि पुढे निमुळती होत जाणारी त्रिकोणी चौकट. काही गाड्यांत तिच्याऐवजी इंग्रजी ‘टी’ अक्षराप्रमाणे जोडलेल्या दोन फळ्या असतात.

चाके: मागची दोन चाके एका आसावर किंवा दोन स्वतंत्र खुंट्यांवर बसवलेली असतात. पुढचे चाक बैठकीच्या खाचेत असते. ते बैलगाडीच्या चाकासारखे आऱ्यांचे नसून अखंड लाकडातून कापलेल्या किंवा चरकावर कातलेल्या चकतीचे असते. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खिळ ठोकतात.

उभी चौकट: बैठकीच्या मागच्या भागावर बसवलेले दोन उभे दांडे. त्यांना पुढून तिरप्या दांड्याचा आधार देतात. ओढल्यावर किंवा ढकलल्यावर येणारा ताण या तिरप्या आधारावर पडतो.

मूठ: दोन उभ्या दांड्यांना जोडणारा आडवा गोल दांडा. बाळ दोन्ही हातांनी तो धरते. काही गाड्यांत या दांड्यावर रंगीत चकत्या, मणी किंवा घुंगरू असतात. चाक फिरताना टकटक वाजणारी लाकडी पट्टीही काही कारागीर बसवतात. आवाजाच्या ओढीने मूल पुढे चालत राहावे, हा तिचा हेतू असतो.

तीन चाके का?

तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, हे भूमितीतील साधे सत्य पांगुळगाड्याच्या मुळाशी आहे. जमीन कितीही उंचसखल असली तरी तीन पायांची वस्तू तिन्ही पाय टेकवूनच उभी राहते. चार पायांच्या वस्तूचा एक पाय अधांतरी राहिला, तर ती डुगडुगते. चुलीचे तीन दगड किंवा तिवई जशी कोठेही स्थिर बसते, तसाच हा गाडा शेणाने सारवलेल्या खडबडीत जमिनीवरही तिन्ही चाकांनी टेकून चालतो. शिवाय एक चाक कमी असल्याने लाकूड व मेहनत दोन्ही वाचतात, आणि पुढे एकच चाक असल्याने वळण घेणे सोपे जाते.

याच रचनेत एक उणीवही आहे. चारचाकी गाडी कलंडण्याची रेषा तिच्या बाजूला समांतर असते. तीनचाकी गाडीत ती रेषा मागच्या चाकापासून पुढच्या चाकाकडे तिरपी जाते. त्यामुळे पुढे सरकावे तसा आधाराचा पट्टा अरुंद होत जातो. बाळाने पुढे झुकून एका बाजूला भार दिला, तर गाडा त्या बाजूला कलंडतो. यावर उपाय दोन: मागच्या चाकांमधील अंतर पुरेसे ठेवणे आणि मूठ शक्यतो मागच्या आसाच्या जवळ ठेवणे. मूठ मागच्या आसाच्याही मागे गेली, तर दांडा धरून उभे राहू पाहणाऱ्या बाळाच्या ओढीने गाडा त्याच्याच अंगावर उलटतो. जुन्या घाटाच्या गाड्यांत मागची चाके मुठीच्या किंचित मागे असतात, ती याच कारणाने.

कारागिरी

गावगाड्यातील बारा बलुतेदारांपैकी सुतार हा पांगुळगाड्याचा परंपरागत कर्ता होय. नांगर, वखर, तिफण ही शेतीची अवजारे आणि बैलगाडी करणे व दुरुस्त करणे हे त्याचे मुख्य काम. पाळणा व पांगुळगाडा ही त्याच्या कामाची घरगुती बाजू होती. अवजारांतून उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांतूनही पांगुळगाडा तयार होत असे. बाभळीचे लाकूड जड व चिवट असल्याने ते चाके आणि आस यांसाठी योग्य ठरते. सागाचे लाकूड वाळल्यावर फारसे वाकत नाही, म्हणून ते चौकटीसाठी चांगले. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते, पण त्याला कीड लवकर लागते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी हे लाकडी खेळण्यांचे महाराष्ट्रातील प्रसिद्ध केंद्र आहे. तेथील चितार आळीत रंगीत लाकडी फळे, बैलगाड्या, पाट आणि बाहुल्यांबरोबर पांगुळगाडेही विक्रीस असतात. गावच्या सुताराचा गाडा बहुधा बिनरंगी असतो. सावंतवाडीचा गाडा तांबड्या, पिवळ्या व हिरव्या रंगांत रंगवलेला असतो.

कातकामाच्या लाकडी वस्तूंना रंग देण्याची भारतातील जुनी पद्धत लाखेची आहे. चरकावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. नंतर ती केवड्याच्या किंवा तत्सम पानाने घासून चकचकीत करतात. हल्ली अनेक ठिकाणी लाखेऐवजी तयार तैलरंग वापरले जातात. मूल दांडा तोंडात घालत असल्याने रंग कोणता आहे याला महत्त्व आहे.

मराठवाड्यातील घर आणि पांगुळगाडा

पांगुळगाडा कसा असावा हे मुलाप्रमाणेच घराच्या जमिनीवरही अवलंबून असते. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरी आणि तिच्यासारखी मराठवाड्यातील गावे याचे चांगले उदाहरण आहेत. या भागात वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणतात. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर माळवद, दारातून आत येताच ढाळज, मध्ये चौक आणि त्याभोवती ओसरी अशी येथील जुन्या घरांची ठेवण आहे. ढाळज व ओसरी या चौकापेक्षा उंच असतात. खोल्यांना लाकडी उंबरठे असतात.

अशा घरात पांगुळगाड्याला धावायला लांब, सरळ ओसरी मिळते. मात्र तिच्या कडेला हात-दोन हात खोल चौक असतो. उंबरठा गाड्याला आपोआप थोपवतो, पण वेगात आलेला गाडा उंबरठ्यावर अडला की मूल दांड्यावरून पुढे झेपावते. सारवलेल्या जमिनीवर चाक किंचित रुतते. त्यामुळे गाडा हळू चालतो आणि शिकणाऱ्या मुलासाठी हे सोयीचेच असते.

पुढे सारवलेल्या जमिनीची जागा शहाबादी फरशीने घेतली. ही फरशी आजच्या कर्नाटकातील शहाबादची. मराठवाडा आणि शहाबादचा परिसर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. घडीव शहाबादीवर लाकडी चाकाला पुरेशी पकड मिळते. आता घरोघरी बसवल्या जाणाऱ्या चकचकीत टाइल्सवर मात्र तेच चाक घसरते आणि गाडा बाळाच्या पावलापेक्षा पुढे पळतो. एकाच सुताराने केलेला, एकाच मापाचा गाडा आजोळच्या ओसरीवर सुरक्षित आणि शहरातील सदनिकेत धोक्याचा ठरू शकतो, तो या फरकामुळे.

हवामानाचाही परिणाम होतो. लाकूड पावसाळ्यात ओलावा शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. परिणामी आषाढात आवळलेले चाक वैशाखात सैल होऊन डुगडुगते. मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात सांधे उकलतात व खिळे वर येतात. मोठ्या भावंडाचा गाडा माळ्यावरून काढून धाकट्याला देण्यापूर्वी प्रत्येक सांधा हाताने हलवून पाहणे म्हणूनच आवश्यक असते. काळ्या जमिनीचा चिखल चाकाला गुंडाळला जाऊन ते फिरेनासे होते, त्यामुळे पावसाळ्यात गाडा घराबाहेर नेत नाहीत.

चालण्याचे टप्पे आणि योग्य वेळ

पांगुळगाडा कोणत्या महिन्यात द्यावा याचे एकच उत्तर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या पाच देशांतील निरोगी बालकांचे निरीक्षण करून २००६ साली हालचालींच्या सहा टप्प्यांचे कालावधी प्रसिद्ध केले. ते पुढीलप्रमाणे आहेत:

आधाराशिवाय बसणे: ३.८ ते ९.२ महिने
आधाराने उभे राहणे: ४.८ ते ११.४ महिने
हातागुडघ्यांवर रांगणे: ५.२ ते १३.५ महिने
आधाराने चालणे: ५.९ ते १३.७ महिने
एकट्याने उभे राहणे: ६.९ ते १६.९ महिने
एकट्याने चालणे: ८.२ ते १७.६ महिने

या आकड्यांवरून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे निरोगी मुलांमध्येही एकट्याने चालण्याच्या वयात नऊ महिन्यांहून अधिक फरक असू शकतो. शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले म्हणून आपले मूल मागे पडले असे होत नाही. दुसरी म्हणजे सर्व मुले एकाच क्रमाने जात नाहीत. या अभ्यासातील ४.३ टक्के मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

मूल पलंग, पाट किंवा भिंत धरून स्वतः उभे राहू लागले आणि त्या आधाराने बाजूला पावले टाकू लागले, की पांगुळगाड्याची वेळ आली असे मानतात. त्याआधी मुलाला उभे करून त्याचे हात दांड्यावर ठेवू नयेत. गाड्यामुळे मूल इतरांपेक्षा लवकर चालू लागते असे मानण्यास आधार नाही. तोल सांभाळण्याचा सराव आणि चालण्याचा आनंद, एवढाच त्याचा उपयोग. अठरा महिने पूर्ण होऊनही मूल एकट्याने चालत नसेल, तर गाडा बदलण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

निवड

पांगुळगाडा निवडताना किंवा सुताराकडून करवून घेताना पुढील बाबी तपासल्या जातात.

मुठीची उंची: वर्षाच्या मुलग्याची मध्यक उंची ७५.७ सेंटिमीटर व मुलीची ७४ सेंटिमीटर असते. पण सरासरीवर विसंबण्यापेक्षा मुलालाच गाड्याजवळ उभे करून पाहणे उत्तम. मूठ कमरेच्या वर व छातीच्या खाली असावी आणि ती धरल्यावर कोपरे थोडी वाकलेली राहावीत. मूठ फार उंच असेल तर मूल लोंबकळते आणि फार खाली असेल तर पुढे वाकते.

मागच्या चाकांची रुंदी: चालताना मुलाचे दोन्ही पाय चाकांना किंवा आसाला न लागता मध्ये मोकळे पडले पाहिजेत. सुरुवातीला मुले पाय फाकून चालतात, हे ध्यानात घेऊन रुंदी ठरवावी.

वजन: हलका गाडा बाळाच्या ओढीने उलटतो. बैठकीच्या पुढच्या भागात वाळूची लहान पिशवी घट्ट बांधल्यास गाडा स्थिर होतो आणि त्याचा वेगही कमी होतो.

चाकांचा वेग: पांगुळगाड्याचे चाक सहज फिरणे हा गुण नव्हे. रिकामा गाडा हलकेच ढकलून सोडल्यास तो हात-दीड हातावर थांबावा. चाक करकरते म्हणून आसाला तेल घालू नये. गुळगुळीत फरशीवर वापरायचा असल्यास चाकाच्या कडेला रबराची पट्टी बसवून घ्यावी.

उलटण्याची परीक्षा: मूठ धरून गाडा मागे ओढून पाहावा व नंतर एका बाजूला दाबून पाहावा. हाताच्या हलक्या जोराने पुढचे किंवा बाजूचे चाक उचलले जात असेल, तर तो गाडा घेऊ नये.

पृष्ठभाग: सर्व कडा व कोपरे गोल घासलेले असावेत. तळहात उलटसुलट फिरवून कुसळ लागत नाही ना हे पाहावे. खिळ्यांची डोकी लाकडात बुडालेली असावीत.

फटी व सुटे भाग: चाक आणि चौकट यांमध्ये बाळाचे बोट अडकेल अशी फट नसावी. मणी, घुंगरू, चकत्या ओढून पाहाव्यात. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची चाचणी घेताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. त्यात पूर्ण मावेल असा सुटा भाग घशात अडकू शकतो, असे मानले जाते.

रंग: ओल्या पांढऱ्या फडक्याने घासल्यावर रंग उतरत असेल तर गाडा घेऊ नये. बिनरंगी, नीट घासलेला गाडा निकृष्ट रंगाच्या देखण्या गाड्यापेक्षा केव्हाही बरा.

गाडा कितीही चांगला असला तरी तो चालवताना मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे लागते. जिना, ओट्याची कड, न्हाणीचे दार, चूल व पाण्याचा हौद यांच्याजवळ गाडा नेऊ देत नाहीत. मूल अनवाणी असावे. मोजे घातलेला पाय फरशीवर घसरतो.

वॉकर आणि पांगुळगाडा

वॉकरमध्ये मूल झोळीवजा आसनात बसते आणि त्याचे पाय जमिनीला जेमतेम टेकतात. स्वतःचा भार पायांवर घेण्याआधीच त्याला हवे तेथे जाता येते. पांगुळगाड्यात असे होत नाही. तेथे भार मुलाच्या पायांवर असतो, तोल त्यानेच सांभाळायचा असतो, आणि दमल्यावर दांडा सोडून ते खाली बसू शकते. त्याला स्वतःची पावले दिसतात. वॉकरच्या रुंद कड्यामुळे ती दिसत नाहीत.

वॉकरमधील मूल सेकंदाला सुमारे एक मीटर इतक्या वेगाने सरकू शकते. धावत जाऊन त्याला अडवणे जवळ असलेल्या माणसालाही साधत नाही. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळे झालेल्या दुखापतींसाठी पंधरा महिन्यांखालील २,३०,६७६ बालकांवर रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत उपचार झाले, असा अंदाज २०१८ साली ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यांपैकी ९०.६ टक्के बालकांच्या डोक्याला किंवा मानेला इजा झाली होती, आणि ७४.१ टक्के बालके वॉकरसह जिन्यावरून पडली होती.

वॉकरने मूल लवकर चालते हा समजही टिकत नाही. आयर्लंडमधील १९० बालकांच्या निरीक्षणावर आधारित अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००२ साली प्रसिद्ध केला. त्यात वॉकरच्या दर २४ तासांच्या एकूण वापरामागे एकट्याने उभे राहणे ३.७ दिवसांनी आणि एकट्याने चालणे ३.३ दिवसांनी लांबल्याचे आढळले. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००१ साली चाकांच्या वॉकरवर बंदीची मागणी केली. कॅनडाने एप्रिल २००४ मध्ये वॉकरची विक्री, आयात व जाहिरात यांवर संपूर्ण बंदी घातली. अशी बंदी घालणारा तो पहिला देश ठरला.

हे निष्कर्ष आसनाच्या वॉकरविषयी आहेत. ते ढकलायच्या गाड्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी जिना व कड यांचा धोका पांगुळगाड्यालाही असतोच. फरक इतकाच की पांगुळगाड्याचा वेग मुलाच्या स्वतःच्या पावलांनी मर्यादित राहतो.

कायदे व मानके

भारतात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० लागू आहे. त्याची अंमलबजावणी १ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली. त्यानुसार खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह आवश्यक असते. ‘आयएस ९८७३’ या मानकाच्या पहिल्या भागात टोके, कडा, सुटे भाग यांविषयीचे, तर तिसऱ्या भागात शिसे व तत्सम घातक मूलद्रव्यांविषयीचे नियम आहेत. केंद्रीय हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी केलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या उत्पादनांना या आदेशातून सूट आहे. अशा हस्तनिर्मित गाड्यावर चिन्ह नसते. तेथे पारख ग्राहकालाच करावी लागते.

घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम भारतात २०१६ साली करण्यात आला. तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी रंगवलेल्या जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असण्याचा संभव अधिक. शिसे बालकाच्या मेंदूच्या वाढीस बाधक असल्याने वारशाने आलेला रंगीत गाडा नव्या मुलाला देण्यापूर्वी त्याचा रंग काढून घेणे हिताचे. रंग काढताना लाकूड कोरडे घासू नये, कारण त्याची धूळही विषारी असते. हे काम घराबाहेर, लाकूड ओले करून आणि मुलांना दूर ठेवून करावे.

इतर प्रदेशांतील रूपे

तीनचाकी लाकडी गाडा केवळ महाराष्ट्रापुरता मर्यादित नाही. हिंदी भाषक प्रदेशात त्याला ‘गडुलना’, गुजरातीत ‘चालणगाडी’, तमिळमध्ये ‘नडैवंडी’ म्हणतात. तेलुगूतील ‘मूडु चक्राल बंडी’ या नावाचा अर्थच तीन चाकांची गाडी असा होतो. गुजराती व तमिळ नावे चालण्यावरून, तेलुगू नाव चाकांवरून, तर मराठी नाव मुलाच्या अवस्थेवरून पडले आहे.

युरोपातही मुलांना चालायला शिकवण्याच्या लाकडी चौकटी मध्ययुगापासून वापरात होत्या. सुमारे १४४० साली नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या ‘कॅथरीन ऑफ क्लीव्ह्ज’ हिच्या सचित्र प्रार्थनापुस्तकात बाल येशू अशा चौकटीत चालताना दाखवला आहे. हिएरोनिमस बॉश या चित्रकाराच्या व्हिएन्ना येथील एका चित्रातही चालण्याची चौकट धरलेले बालक आहे.

तीनचाकी बाबागाडी

पांगुळगाडा आणि तीनचाकी बाबागाडी यांचा आकार सारखा असला तरी हेतू वेगळे आहेत. बाळाला वाहून नेणाऱ्या गाडीचे ज्ञात जुने उदाहरण १७३३ सालचे आहे. विल्यम केंट या इंग्रज वास्तुकाराने डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी ती तयार केली होती. तिला लहान जनावर जुंपत असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये मागून ढकलायच्या तीनचाकी बाबागाड्या आल्या. पुढे चारचाकी गाड्यांनी त्यांची जागा घेतली. १९८४ साली अमेरिकेतील फिल बेक्लर यांनी बाळाला घेऊन धावता यावे म्हणून मोठ्या चाकांची तीनचाकी गाडी तयार केली, आणि तीनचाकी रूप पुन्हा प्रचारात आले.

मोठ्या, हवा भरलेल्या चाकांमुळे अशी गाडी खडी व खड्ड्यांच्या रस्त्यावर चारचाकीपेक्षा सहज जाते. परंतु पांगुळगाड्याप्रमाणेच तीही पुढच्या कोपऱ्यांकडे कलंडू शकते. म्हणून निवडताना मागच्या चाकांमधील अंतर, खांदे, कंबर व मांड्यांमधून जाणारा पाच टोकांचा पट्टा, पायाने लावायचा ब्रेक आणि वेगात जाताना पुढचे चाक सरळ अडकवून ठेवण्याची सोय पाहतात. पुढचे चाक काढता येण्याजोगे असल्यास प्रत्येक वेळी ते नीट बसल्याची खात्री करावी लागते. मान धरू न लागलेल्या बाळाला सपाट झोपता येईल असेच आसन हवे. अशा गाडीत बाळाला घेऊन धावणे सहा महिन्यांपूर्वी टाळतात. मुठीला पिशव्या अडकवल्यास बाळ उतरताच गाडी मागे उलटते.

उष्ण प्रदेशात सावलीसाठी गाडीवर कोरडे कापड टाकण्याची सवय घातक ठरू शकते. सिडनी विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात कोरड्या मलमलीच्या कापडाने गाडीच्या आतील तापमान २.६ अंश सेल्सियसने वाढल्याचे, तर ओले मलमल व छोटा पंखा यांच्या जोडीने ते ४.७ अंशांनी उतरल्याचे दिसले. परभणीसारख्या जिल्ह्यात, जेथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेथे दुपारी बाळाला गाडीतून न नेणेच श्रेयस्कर.

लाक्षणिक अर्थ

मराठी लेखनात व भाषणात ‘पांगुळगाडा’ हा शब्द परावलंबनाची खूण म्हणून रूढ आहे. ‘अनुदानाचा पांगुळगाडा’, ‘मार्गदर्शिकेचा पांगुळगाडा’ असे प्रयोग केले जातात. या अर्थाने तो ‘कुबड्या’ या शब्दाच्या जवळ येतो. दोहोंत एक सूक्ष्म भेद आहे. कुबडीचा आधार कायमचा असू शकतो, पण पांगुळगाडा मुळातच काही महिन्यांसाठी असतो. म्हणून ज्याने तो वेळेवर सोडायला हवा होता आणि सोडला नाही, त्याच्यावरील टीकेत हा शब्द अधिक चपखल बसतो. प्रत्यक्षातील पांगुळगाडा मात्र मुलाला सोडायला सांगावे लागत नाही. पावले स्थिर झाली की ते त्यात बाहुली, भातुकलीची भांडी किंवा धाकटे भावंड बसवून तो ओढू लागते.

हेही पाहा

बाबागाडी
बारा बलुतेदार
सावंतवाडी
लाख
बालविकास
बोरी (परभणी जिल्हा)